शफी मौलानांचा जुम्मा

अंजनगावात राहायला गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात माझ्या नळाला पाणी आलं, ते एका बयानामुळे.

मी तिथल्या उर्दू हायस्कूलला मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. शाळा जवळ पडते म्हणून मशिदीसमोरच्या गल्लीत घर भाड्याने घेतलं. घर चांगलं होतं, शेजार चांगला होता, फक्त गल्ली चढावर होती. नळ यायचे चार-पाच दिवसांआड, आणि खालच्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावलेले. आमच्यापर्यंत पाणी पोचायचंच नाही. नळ उघडला की नुसती हवा फुसफुसायची. माझे यजमान नोकरीला दर्यापूरकडे, शनिवार-रविवारी यायचे. बाकीचे दिवस मी आणि रिकामी टाकी.

एका शुक्रवारी दुपारी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. उर्दू शाळा शुक्रवारी लवकर सुटते. समोर दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती, माणसं टोप्या नीट करत मशिदीत शिरत होती. मशिदीच्या भोंग्यातून कोणीतरी खाकरलं आणि चक्क वऱ्हाडीत म्हणालं, "मागं आवाज येऊन राहिला काय? येऊन राहिला ना? मंग ऐका. आज नमाजवर नाई बोलत. नमाज तुमाले येते. आज टिल्लू पंपावर बोलतो."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

"तुमी वजू करता, तोंड धुता, हातपाय धुता. थे पानी जर शेजाऱ्याच्या नळातून खेचून आनलं असन, त थ्या वजूचं काय कराचं, थे तुमीच ठरवा. मी खारपानपट्ट्यातला मानूस हाव. माही माय गोड्या पान्याच्या एका घागरीसाठी दुसऱ्या गावाले जाये. तहान काय असते थे मले इचारा. शेजाऱ्याच्या नळाचं पानी खेचनं अन् त्याच्या ताटातली भाकर उचलनं, दोन्ही एकच."

पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा माझ्या नळातून पाणी धो धो पडलं. मी हंडे भरले, टाकी भरली, मग वाट्या-पेलेसुद्धा भरून ठेवले, इतका विश्वास बसेना. संध्याकाळी वाटलं, या माणसाला निदान सांगावं तरी. मशिदीच्या पायरीशी गेले. एक ठेंगणे गृहस्थ दोरीवरच्या सतरंज्या झटकत होते. दाढी पांढरीशुभ्र, पण भुवया काळ्याभोर. त्यामुळे चेहरा असा दिसायचा, की यांना आत्ताच कोणीतरी काहीतरी नवल सांगितलं आहे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पानी आलं काय बाई?"

"आलं."

"धो धो?"

"धो धो."

"मंग माहं बयान पास झालं," ते म्हणाले. "नाई त लोक 'माशाअल्ला, माशाअल्ला' म्हनतात अन् घरी जाऊन बटन दाबतात."

हे शफी मौलाना. पूर्ण नाव मौलाना शफीउल्ला, पण गावात सगळे शफी मौलानाच म्हणायचे. दर्यापूरच्या बाजूच्या एका खेड्यात जन्मले, मदरशात शिकले, आणि तरुणपणीच या मशिदीचे इमाम होऊन आले, ते इथलेच झाले. मशिदीच्या मागे दोन खोल्या. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी सुगराबी. मूलबाळ नव्हतं. सकाळी मोहल्ल्यातली पोरं अरबी शिकायला यायची, तेव्हा त्या दोन खोल्यांत पाखरांच्या थव्यासारखा गलका असायचा.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शुक्रवारच्या नमाजीआधी अरबीतला खुतबा होतो. तो ठरलेला, धर्माचा. पण त्याच्या आधी इमाम लोकांच्या भाषेत अर्धा तास बोलतात, ते बयान. आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की भन्तेजी बोलतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की विहारात आम्ही मोजकी माणसं असतो, आणि जुम्म्याला सगळा मोहल्ला जमतो. रोजच्या नमाजीला न दिसणारा माणूसही शुक्रवारी अंघोळ करून, अत्तर लावून येतो. कोणाचं लग्न ठरलं, कोण दवाखान्यात आहे, कोणाची म्हैस हरवली, सगळं तिथेच कळतं. आणि मशिदीत न जाणाऱ्या बायका आपापल्या ओट्यावर, चुलीपाशी, शिलाई मशीन थांबवून भोंग्यातून ऐकतात. मौलाना म्हणायचे, "जुम्मा म्हंजे गावची विहीर हाय बाई. सारे यिथूनच भरतात. म्हनून हिच्यात काय पडते, थे पाह्यलं पाहिजे."

त्यांची बयानं म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र होतं. सुरुवात शुद्ध उर्दूत व्हायची. दोन-चार वाक्यांनंतर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहून त्यांना राहवायचं नाही आणि गाडी वऱ्हाडीवर यायची. नालीत कचरा टाकण्यावर ते बोलले. शिकवणीच्या दारात मोटारसायकली फिरवणाऱ्या पोरांवर बोलले. एकदा वलीम्याच्या जेवणावळींवर बोलले. वलीमा म्हणजे लग्नानंतर मुलाकडची पंगत. "दाल-चावल खाऊ घाला, पोट भरते. पाच पदार्थ केले म्हंजे निकाह पाच डाव पक्का होत नाई." त्या आठवड्यात ज्यांच्याकडे लग्न होतं ते घर महिनाभर त्यांच्याशी बोललं नाही. मौलाना रोज त्या घरावरून जायचे आणि मुद्दाम मोठ्याने सलाम करायचे. शेवटी त्या घरातली म्हातारी हसली आणि भांडण मिटलं.

माझ्याकडे ते मराठीसाठी यायचे. ओट्याच्या कडेला, पायरीवर बसायचे. मी कितीदा खुर्ची दिली, नाहीच बसले. एखादा शब्द मनात धरून आलेले असायचे. "बाई, 'संयम' अन् 'सबर' एकच काय?" मी म्हणायचे, जवळजवळ एकच. "जवळजवळ म्हंजे कुठं कमी पडते?" आता काय सांगणार! मग आम्ही दोघं त्यावर चहा होईपर्यंत वाद घालायचो. आतल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मी फुलं ठेवलेली असायची. एकदा त्यांनी जाता जाता विचारलं, "हे डोळे मिटून ऐकून राह्यले काय?" मी म्हटलं, असं समजा. "मंग बरं हाय," ते म्हणाले. "बोलनारे लय झाले."

पण हा माणूस पहिल्यापासून पुरता पिकलेला होता असं नाही. त्याला पिकताना मी पाहिलं आहे, आणि ते सांगायचं म्हणूनच हे सगळं सांगते आहे.

तस्नीम ही माझी विद्यार्थिनी. तिचे वडील जब्बारभाई पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे. गल्लीच्या तोंडाशीच दुकान. हात कायम तेलकट, बोलणं कमी, मुलीवर जीव. तस्नीम बारावी झाली आणि अमरावतीला नर्सिंगला लागली. आमच्या गल्लीतून अशी रोज एसटीने जाणारी ती पहिलीच मुलगी. सकाळी पांढरा गणवेश, वर बुरखा, हातात डबा. दिवस मावळायच्या सुमारास परत. अकोटला एका घरी तिचं लग्नही ठरलं होतं, शिक्षण पूर्ण झाल्यावर करू म्हणून.

एका गुरुवारी संध्याकाळची एसटी वाटेत बंद पडली. प्रवासी मिळेल त्या वाहनाने निघाले. तस्नीमच्या वर्गातला एक मुलगा मोटारसायकलवर त्याच रस्त्याने येत होता. त्याने तिला चौकापर्यंत आणून सोडलं. चौकात हाजीसाहेबांचं कापसाचं दुकान. हाजीसाहेब म्हणजे मशीद कमिटीचे सदर, अध्यक्ष. त्यांच्या दुकानापुढे असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीनंतर मंडळी बाकावर बसायची, चहा व्हायचा, आणि मौलानाही गुरुवारी तिथे असायचे. उद्या कशावर बोलायचं हे बरेचदा त्या बैठकीतच ठरायचं. त्या दिवशी मौलाना यायच्या आत बाकावर बसलेल्यांनी तस्नीमला मोटारसायकलवरून उतरताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा खाकरला. "मागं आवाज येऊन राहिला काय?" नेहमीसारखंच. आणि मग मौलाना मुलींवर बोलले. शिक्षण चांगलं आहे, पण शिक्षणाच्या नावाखाली आपल्या पोरी कुठे जातात, कोणाच्या गाडीवर बसतात, चौकात कोणाबरोबर उतरतात, हे बापांना माहीत आहे का? बाप मोटारी दुरुस्त करत बसतात आणि घर बिघडतं.

नाव घेतलं नाही. पण मोटारी दुरुस्त करणारा बाप मोहल्ल्यात एकच होता, आणि तो तिसऱ्या रांगेत बसलेला होता.

ओट्यांवरच्या बायकांनी हातातली कामं खाली ठेवली. समोरच्या शमीमने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. नमाज झाल्यावर जब्बारभाई कोणाशी न बोलता घरी गेले. दुकान त्या दिवशी उघडलं नाही. रविवारी अकोटहून निरोप आला की आमच्या मुलासाठी दुसरं स्थळ पाहतो आहोत. सोमवारी सकाळी पांढरा गणवेश घातलेली मुलगी गल्लीतून गेली नाही.

संध्याकाळी तस्नीमची आई माझ्याकडे आली. रडली नाही. नुसती बसून राहिली आणि म्हणाली, "मिस, उसके अब्बा कुछ बोलतेच नहीं. गुस्सा करते तो अच्छा रहता."

मी तशीच मशिदीच्या मागे गेले. मौलाना बाजेवर बसून चष्मा पुसत होते. सुगराबी तांदूळ निवडत होत्या. मी जे झालं ते सगळं सांगितलं. एसटी बंद पडल्याचंही सांगितलं.

"मी नाव घेतलं नाई बाई," ते म्हणाले.

"नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या. अकोटपर्यंत वळल्या."

सुगराबींनी सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "एसटी बंद पडली होती का नाई, थे कोनी इचारलं?"

"हाजीसाबच्या दुकानात सारेच सांगून राह्यले होते..."

"त्यातलं कोनी एसटीत होतं?"

मौलानांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मग मला विचारलं, "पोरगी काय करून राह्यली?"

"गणवेश धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवलाय म्हणे."

ते उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले. "जे पहिले इचाराचं, थे आता इचारतो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं, ते एसटी स्टँडवर गेले होते. त्या गाडीचा कंडक्टर शोधला. गाडी बंद पडली होती, एक म्हातारी तर ट्रकमध्ये बसून गेली, त्या पोराने मुलीला सोडलं नसतं तर अंधार पडेपर्यंत ती तिथेच बसली असती, असं सगळं त्यांनी कंडक्टरच्या तोंडून ऐकलं. तिथून ते थेट जब्बारभाईंच्या घरी गेले.

त्या भेटीला मी नव्हते. पण तस्नीमच्या आईने ती मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे होते असंच वाटतं. जब्बारभाईंनी दार उघडलं, बसा म्हटलं नाही. मौलाना उंबऱ्यापाशी उभे राहूनच म्हणाले, जब्बार, मी चुकलो. मले माफ कर. अन् पोरीले सांग, मौलाना माफी मागाले आला. जब्बारभाई भिंतीकडे पाहत राहिले. तेवढ्यात पडद्यामागून तस्नीमचा आवाज आला.

"मौलानासाब, आप घर में आके माफी मांगे, मैंने माफ किया. लेकिन बोले तो आप भोंगे पे थे."

मौलानांनी पडद्याकडे वळून मान डोलावली. मग "सही बात है बेटा" म्हणाले आणि परत फिरले.

त्या आठवड्यात मशिदीत काय काय चाललं ते गल्लीला घराघरांतून कळत होतं. हाजीसाहेबांनी मौलानांना बोलावून घेतलं. मनाने ते वाईट नव्हते, पण त्यांना व्यवस्था बिघडेल याची भीती वाटायची. घरी जाऊन माफी मागितली, खूप झालं, असं त्यांचं म्हणणं. जुम्म्याला उभं राहून इमामच म्हणू लागला मी चुकलो, तर उद्या त्याचं कोण ऐकेल? मशिदीची शान काय राहील? मौलाना म्हणाले, "माहं नाई ऐकलं त चालन हाजीसाब. माहं खोटं ऐकलं, थे नाई चालत." कमिटीतल्या दोघा-तिघांनी नवा इमाम पाहू अशी भाषाही केली. सुगराबींनी त्या दिवसांत भांडी घासून, पुसून, पेटीत भरून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "निंघाव लागलं त गडबड नोको."

शुक्रवार आला. मी शाळेतून लवकर निघाले. गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यांवर होत्या, कोणाच्या हातात काम नव्हतं. जब्बारभाई मशिदीत गेले नव्हते. दुकान उघडून एका मोटारीला तार गुंडाळत बसले होते, यंत्राचा घर्रघर्र आवाज येत होता.

भोंगा खाकरला नाही. "मागं आवाज येऊन राहिला काय" हेही आलं नाही. मौलाना सरळ म्हणाले, "आज मी खाली उभा हाव. जिथं चपला असतात तिथं."

यंत्राची घर्रघर्र थांबली.

"मागच्या जुम्म्याले मी यिथून एका पोरीबद्दल बोल्लो. नाव घेतलं नाई, पन तुमाले समजलं, अन् मले मालूम होतं की तुमाले समजन. मी जे बोल्लो थे खोटं होतं. मी पाह्यलं नव्हतं, इचारलं नव्हतं. ऐकलं अन् बोल्लो. एसटी बंद पडली होती. पोरगी घरी येऊन राह्यली होती, बस. तिच्या बापानं तिले भरवशानं धाडलं, अन् थो भरवसा मी चौकात आनून फोडला. पोरीनं मले माफ केलं. पन मी तुमच्यापुढं बोल्लो होतो, म्हनून तुमच्यापुढं सांगतो. आता मागच्या जुम्म्याची गोष्ट तुमी ज्याले ज्याले सांगतली असन, त्याले त्याले जाऊन आजची बी सांगा. थे तुमच्यावर फर्ज हाय. अन् इमाम बदलाचा असन त बदला. पन थो इचारून बोलनारा पाहा."

पुढे ते काही बोललेच नाहीत. बयानाचा बराच वेळ उरलेला होता. शमीम माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने माझा हात धरला. दुकानात जब्बारभाई मोटारीवर दोन्ही हात ठेवून खाली मान घालून बसले होते. अजान झाली तेव्हा ते उठले, हात धुतले आणि नमाजीला गेले. शेवटच्या रांगेत उभे राहिले असतील. परत आले तेव्हा मौलाना त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत चालत आले. जब्बारभाईंनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि मौलाना त्यावर बसले, एवढंच मी पाहिलं.

सोमवारी तस्नीम गणवेश घालून निघाली. तिच्याबरोबर सुगराबी होत्या. काळा बुरखा, काखेत पानाचा डबा. आयुष्यात पहिल्यांदा त्या अमरावतीला एकट्या, म्हणजे नवऱ्याशिवाय निघाल्या होत्या. दिवसभर कॉलेजच्या फाटकाशी झाडाखाली बसून राहिल्या आणि संध्याकाळी मुलीबरोबर परत आल्या. आठवडाभर त्यांनी हे केलं. मी विचारलं, कंटाळा नाही आला? म्हणाल्या, "कायचा कंटाळा! थ्या फाटकातून किती पोरी जातात माहीत हाय? मी मोजूनच राह्यली होती."

सगळं चांगलं झालं असं नाही. अकोटचं स्थळ परत आलं नाही. मौलाना स्वतः तिकडे जाऊन आले, त्यांना चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. तस्नीमचं शिक्षण पूर्ण झालं, ती अकोल्याला एका दवाखान्यात लागली, पुढे तिने स्वतः पसंत केलेल्या ठिकाणी तिचं लग्न झालं. पण ती मधली वर्षं तिच्या आईने कशी काढली ते मला माहीत आहे, आणि मौलानांनाही माहीत होतं. एकदा मी म्हटलं, झालं ते झालं, तुम्ही दुरुस्त केलंत. ते म्हणाले, "दुधात मीठ पडलं त काढता येत नाई बाई. दुसरं दूध तापवाव लागते. पन पहिलं त गेलंच ना."

त्यानंतर गुरुवारी ते हाजीसाहेबांच्या दुकानापुढे चहाला बसायचे, पण थोडाच वेळ. मग उठायचे आणि गल्ल्यांतून निघायचे. दारासमोर उभे राहून, पाठ अर्धी वळवून विचारायचे, "आपा, उद्या काय बोलू?" सुरुवातीला बायका लाजायच्या, पोरांना पुढे करायच्या. पहिली बोलली ती एक म्हातारी. तिने पडद्याआडून सांगितलं, "सून को मायके जाने देते नहीं लोगां, उसपे बोलो." आणि कडाकडा भांडणारी सासू म्हणून हीच म्हातारी गल्लीत प्रसिद्ध! मौलानांनी दुसऱ्या दिवशी त्यावर बयान केलं. त्या संध्याकाळी तिची सून माहेरी मोर्शीला निघाली, आणि म्हातारी तिला एसटीत बसवायला गेली.

मग बायका सांगू लागल्या. कोणी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर बोला म्हणायची, कोणी नवऱ्याच्या मोबाइलवर. एका विधवेने सांगितलं की ईदला माझ्याकडे कोणी येत नाही, घरात पुरुषमाणूस नाही म्हणून. त्या जुम्म्याला मौलाना फार थोडं बोलले. "आपल्या गल्लीत एक दार हाय, जिथं ईदच्या दिवशी शेवया उरतात," असं म्हणून थांबले. यावेळीही नाव घेतलं नव्हतं. पण आधी तिला विचारून घेतलं होतं. त्या ईदला तिच्याकडे शेवया कमी पडल्या, माझ्याकडून दूध नेलं.

पुरुषमंडळी कुरकुर करायची. मशिदीत बायकांचं राज्य आलं म्हणायची. हाजीसाहेब तर तोंडावर म्हणाले, "मौलाना, बयान तुमी देता का मोहल्ल्यातल्या बाया?" मौलानांच्या काळ्या भुवया आणखी वर चढल्या. "मी त नुसता भोंगा हाव हाजीसाब," ते म्हणाले. आणि गंमत म्हणजे पुढे हाजीसाहेबांच्याच घरून निरोप यायला लागले.

मागच्या काही वर्षांत भोंग्याचे नियम कडक झाले. आवाज बाहेर येणं बंद झालं, बयान आतल्या आत राहिलं. बायकांना फार चुकल्यासारखं झालं. मौलाना मात्र त्रागा न करता म्हणाले, "भोंगा बंद झाला त काय, पाय त चालू हायेत." शनिवारी सकाळी उर्दू शाळेच्या व्हरांड्यात ते बसू लागले. बायका यायच्या, सतरंजीवर बसायच्या, आणि ते आदल्या दिवशी काय बोलले ते पुन्हा सांगायचे. फरक इतकाच की इथे मधेच कोणीतरी म्हणायची, "नाई मौलाना, ये बात गलत बोले तुम." मशिदीत हे कोण म्हणणार! मी निवृत्त झाले होते तरी शनिवारी जायचे. माझ्यासाठी ते मुद्दाम एखादा नवा मराठी शब्द वापरायचे आणि बरोबर आला का म्हणून माझ्याकडे बघायचे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी सकाळी ते गेले. पहाटेची, फजरची नमाज पढवून आले, बाजेवर टेकले, आणि सुगराबी चहा घेऊन आल्या तेव्हा संपलेलं होतं. जनाजा दुपारी निघाला. कब्रस्तानात बायका जात नाहीत. पण त्या दिवशी मशिदीपासून चौकापर्यंत सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक ओट्यावर बायका उभ्या होत्या. मीही माझ्या ओट्यावर होते. खांदा द्यायला इतकी माणसं झाली की खाट माणसांच्या डोक्यांवरून वाहत गेल्यासारखी दिसली. हाजीसाहेब आता काठीशिवाय चालू शकत नाहीत, तेही मागून येत होते. जब्बारभाईंनी त्यांचा दंड धरला होता.

त्या शुक्रवारी मशिदीत नवीन इमाम नव्हते. कुराण पाठ असलेल्या एका तरुण हाफिजाने अरबी खुतबा वाचला आणि नमाज झाली. बयान झालंच नाही.

दुपारी मी सुगराबींकडे गेले. त्या इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर बाईने काही महिने घरातच राहायचं असतं. खोलीत बाज उभी करून ठेवली होती, जागा एकदम मोठी वाटत होती. मी त्यांच्याजवळ जमिनीवर टेकले. मग सुगराबी आपणहून म्हणाल्या, "छातीत दुखून राह्यलं होतं त्याइच्या. सोमवारपासून."

"कोणाला सांगितलं नाही?"

"मले सांगतलं. मी म्हनलं, आत्ताच्या आत्ता अकोल्याले चला, तस्नीम हाय तिथं, लगेच दाखवून घेऊ. त म्हने, जुम्मा होऊ दे."

"एवढं काय होतं या जुम्म्याला?"

सुगराबींनी ओढणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि ते त्यांना आवरत नव्हतं.

"या डावचं बयान पहिलेच ठरलं होतं ना बाई. घरातल्या बाईचं ऐकाव, याच्यावर. मी म्हनलं, मंग पहिले तुमीच ऐका. त हसले, अन् म्हने, तू म्हनते थे बराबर हाय. जुम्म्याले सांगतो साऱ्याइले."